रोव्हर्स चषक जागवायचा असेल, तर आधी तारखा ठरवा

भारतीय फुटबॉलची घडी विस्कटली की मुंबईचा रोव्हर्स चषक पुन्हा सुरू करा, ही मागणी वर येते. जुलै २०२५मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या अव्वल श्रेणीचा, नवा हंगाम लांबणीवर पडल्यापासून तर या मागणीला आणखी धार आली. १८९१पासून एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चाललेली ही स्पर्धा. हैदराबाद पोलिसांनी ती १९५० ते १९५४ अशी सलग पाच वेळा जिंकली. तिच्याबद्दल हळहळ वाटणारच. पण नुसत्या हळहळीवर चषक चालत नाही, हे इंग्लंडमध्ये राहून फार स्पष्ट दिसतं. इंग्लंड आणि इटलीच्या क्लबांत होणाऱ्या इथल्या अँग्लो-इटालियन चषकाचा इतिहास आपल्याकडच्या संघटकांनी एकदा तरी वाचावा.

या चषकाचा जन्म एका अन्यायातून झाला. १९६९मध्ये स्विंडन टाउनने आर्सेनलला ३-१ असं हरवून लीग चषक जिंकला, पण संघ तिसऱ्या श्रेणीतला म्हणून युरोपातल्या स्पर्धेत त्यांना घेतलं नाही. भरपाई म्हणून इटलीच्या रोमा क्लबशी दोन सामने ठरले. रोममध्ये १-२ हरलेल्या स्विंडनने घरच्या मैदानावर ४-० असा हिशेब चुकता केला. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांच्या क्लबांची मोठी स्पर्धा, म्हणजे हा चषक, सुरू झाली. नेपल्समधल्या अंतिम सामन्यात स्विंडन ३-० पुढे असताना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे ७९व्या मिनिटाला खेळ थांबवावा लागला, आणि चषक स्विंडनला मिळाला. मोठ्या क्लबांची ही आवृत्ती १९७३ला संपली.

१९९२मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाली, तेव्हा दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांसाठी हाच चषक पुन्हा बाहेर काढला गेला. रचना विचार करून केलेली होती. इंग्लंडचे २४ क्लब, तिघा-तिघांचे आठ गट. गटविजेते आठ आणि सेरी बीचे, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या श्रेणीचे, आठ. पुढच्या टप्प्यात इंग्लिश संघ फक्त इटालियन संघांशी खेळायचे, चार सामने, दोन घरी आणि दोन इटलीत. उपांत्य सामने मात्र देशांतर्गत. त्यामुळे अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्ब्लीवर नेहमी एक इंग्लिश आणि एक इटालियन संघ येणार, ही खात्री.

मग अडलं कुठे? वेळापत्रकात. इंग्लिश क्लबांना लीगचेच ४६ सामने, इटालियनांना ३८. मधल्या वारी इटलीला जायचं म्हणजे विमान, हॉटेल, थकलेले पाय, आणि शनिवारी पुन्हा गुणांची लढाई. बरं, जिंकून पुढे काय? युरोपात प्रवेश नाही, बढतीला उपयोग नाही. नॉट्स काउंटीने १९९५मध्ये अस्कोलीला २-१ हरवून चषक उचलला आणि त्याच हंगामात ते श्रेणीतून खाली घसरले. १९९३च्या अंतिम सामन्याला, जो क्रेमोनेसेने डर्बीविरुद्ध ३-१ जिंकला, ३७,०००हून जास्त लोक होते. दोन वर्षांत हा आकडा १२,०००च्या आत आला. १९९६मध्ये जेनोआने पोर्ट व्हेलला ५-२ हरवलं, त्यानंतर दोन्ही देशांच्या लीगना तारखांवर एकमत करता आलं नाही आणि स्पर्धा बंद झाली.

इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या क्लबांची ईएफएल ट्रॉफी मात्र टिकली, कारण तारखा एकाच लीगच्या हातात आहेत. २०१९च्या तिच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर ८५,०२१ प्रेक्षक होते. पण २०१६पासून मोठ्या क्लबांचे युवा संघ तीत घुसवले गेले, तेव्हा चाहत्यांनी बहिष्कार टाकला. पहिल्या फळीचे ठरावीक खेळाडू उतरवण्याची सक्तीही हास्यास्पद ठरली: ब्रॅडफर्डने नियम पाळला हे दाखवण्यापुरता नेहमीचा गोलरक्षक उतरवला आणि तिसऱ्या मिनिटाला बाहेर काढला.

म्हणून माझं ठाम मत आहे, नव्या रोव्हर्समध्ये आयएसएलचे क्लब नकोत. ते राखीव संघ पाठवतील. ड्युरंड चषक या जुन्या स्पर्धेत हे घडलेलं आहे. हा चषक मुंबईच्या लीगमधले संघ, पुणे-नागपूरचे क्लब आणि कोल्हापूरच्या तालमी (तिथले फुटबॉल संघ याच नावाने ओळखले जातात) यांचा असावा. पाटाकडील किंवा दिलबहार या तालमी मैदानात उतरले की कोल्हापूरचं शाहू स्टेडियम भरतं. असा प्रेक्षक आयएसएलच्या कित्येक क्लबांना मिळत नाही. पण कोल्हापुरात लीग संपली की स्थानिक चषकांची रांग लागते आणि पावसाआधी सगळं आटोपायचं असतं. त्या तारखांवर रोव्हर्स लादला, तर तालमीही दुसरी फळीच पाठवतील. हंगाम सुरू होण्याआधी कोल्हापूरचं वेळापत्रक समोर ठेवून दोन आठवडे राखून ठेवावेत. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आयोजकांनी उचलावा. मुंबईच्या कूपरेज मैदानावर कृत्रिम गवत आहे, म्हणून बाहेरगावच्या संघांना सामन्याआधी निदान एक सराव तिथे मिळावा. आणि विजेत्याचं नाव राज्य संघटनेने राष्ट्रीय लीगच्या खालच्या श्रेणीसाठी पाठवावं. एवढं कागदावर लिहून द्यायची तयारी नसेल, तर रोव्हर्सचं नाव काढू नये.