शाळेतच ऑलिंपिक उरकून घ्या

अभिनंदन! तुमची मुलगी शाळेच्या स्पर्धेत ३,००० मीटर पळाली आणि तिने रेषा ओलांडली तेव्हा दुसरी आलेली मुलगी अजून शेवटच्या वळणावर होती. आता वेळ दवडू नका. पोरगी १५ वर्षांची झाली, म्हणजे हाताशी जेमतेम तीन वर्षं उरली. लांब पल्ल्याचे धावपटू पंचविशीच्या पुढेमागे बहरतात असं कुणीतरी शहाणा सांगेल. त्याचं ऐकू नका. पंचविशीतल्या यशाचं श्रेय आईवडिलांना कोण देतो?

आधी तिची ओळख बदला. कालपर्यंत ती चित्रं काढायची, गणिताला घाबरायची, मैत्रिणीशी कट्टी घ्यायची. आजपासून ती फक्त धावपटू. पाहुणे आले की तिच्या नावाआधी तिची वेळ सांगा. एकदा माणसाची किंमत वेळेला बांधली की पुढे वेळ घसरल्यावर वेगळं रागवावं लागत नाही, ते काम ती स्वतःच करते. "मला पळायला मजा येते" असं काही बोललीच, तर हसून विषय बदला. मजा ही हरणाऱ्यांची सोय आहे.

मैदानावर तुमची जागा प्रेक्षकांत नाही. मागच्या बाजूच्या वळणापाशी कुंपणावरून अर्धं अंग आत झोकून उभे राहा आणि दर फेरीला आकडा ओरडा. "अठ्ठ्याहत्तर! दोन सेकंद घालवलेस!" तिच्या मुठी आवळतील, खांदे कानांपर्यंत चढतील आणि पुढची फेरी ८१ सेकंदांची होईल. मग आणखी जोरात ओरडा. शर्यत संपल्यावर ती गुडघ्यांवर हात टेकून वाकेल, धापा टाकत मान तिरकी करेल आणि गर्दीत आधी तुमचा चेहरा शोधेल. नेमकं त्याच क्षणी घड्याळात बघत राहा.

सरावाचं वेळापत्रक सोपं आहे: जगज्जेत्याचं उतरवून घ्या. मोठे मॅरेथॉनपटू आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पळतात. तिथवर पोचायला त्यांना कित्येक वर्षं लागली, हा तपशील गाळा. शाळेलाही नाराज करू नका. एकाच दिवशी सकाळी ८००, दुपारी १,५०० आणि संध्याकाळी ३,००० मीटर पळवलं की शाळेच्या खात्यात गुण जमा होतात, मुख्याध्यापकांच्या खोलीत चषक येतो. मुलीच्या नडगीत जे काही येतं ते कपाटात मांडता येत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. आणि हंगाम संपला की लगेच दुसरा सुरू करा. विश्रांती हा शब्द घरात निघालाच, तर तो आजोबांपुरता ठेवा.

नडगी दुखते म्हणाली तर "सगळ्यांचीच दुखते" हे उत्तर तोंडपाठ असू द्या. एका बोटाने दाखवता येईल इतक्याशा जागी हाड दुखतंय, रात्री पडल्या पडल्याही ठणकतंय, असं सांगायला लागली तर डॉक्टरांकडे मुळीच नेऊ नका. ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, वगैरे काहीतरी शोधून काढतात आणि ऐन निवड चाचणीच्या तोंडावर पळणं बंद करायला सांगतात. अमेरिकेची मेरी डेकर १९७३ मध्ये, १४ वर्षांची असताना, मिन्स्कमध्ये सोव्हिएत धावपटूंना ८०० मीटरमध्ये हरवून आली. कौतुकाला पारावार राहिला नाही. मग पायांच्या दुखण्यांनी गाठलं, १९७६ चं ऑलिंपिक हुकलं, नडग्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९८३ मध्ये तिने जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णपदकं मिळवली, हे खरं. पण मधली दहा वर्षं थांबायची तुमची तयारी आहे का? नाही ना? मग दुखऱ्या पायावर बर्फ लावा आणि पळवा.

आता वजनाकडे वळू, कारण प्रत्येक क्रीडाप्रेमी घर शेवटी वजनकाट्यापाशीच येतं. मुलगी मोठी होते, अंग भरतं, आणि वर्ष-दोन वर्षं तिची वेळ जागच्या जागी थांबते किंवा थोडी मागे जाते. जाणकार म्हणतात की हे नैसर्गिक आहे, धीर धरला तर ती पुढे आणखी वेगाने पळू शकते. तुम्ही मात्र याला शिस्तभंग समजा. ताटात डोकावा, भुवई उंचावा. पाळी थांबली तर सराव जोरात चाललाय असं समजायची जुनी परंपरा आहे, ती मोडू नका. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही, तर हाडं, संप्रेरकं, हृदय, मन, सगळ्यांचीच उपासमार होते, असा त्याचा अर्थ. हाडांचा बराचसा साठा विशीच्या आतच भरायचा असतो म्हणे. भरू दे की, पण स्पर्धा झाल्यावर.

अमेरिकेचीच मेरी केन २०१३ मध्ये, १७ व्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरची फायनल पळाली. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की तिला सतत वजन कमी करायला लावलं गेलं, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. ही बातमी घरातल्या कुणाच्या हाती लागू देऊ नका. लागलीच, तर "आपली तशी नाही" म्हणा. तिकडेही सगळ्यांना तसंच वाटत होतं, पण त्या खोलात शिरायचं कारण नाही.

मुलगा असेल तर प्रश्न निराळा. वर्गात ज्याला आधी मिसरूड फुटते तो आधी जिंकतो. बाकीची पोरं दोन वर्षांनी त्याला गाठतात. तुम्ही मात्र या दोन वर्षांच्या आघाडीला दैवी देणगी समजा आणि त्या हिशेबाने घोषणा करून टाका. उतावळ्या नवऱ्याने बाशिंग गुडघ्याला बांधायचं ठरवलंच आहे, तर गुडघा शाबूत आहे की नाही हे बघत बसायचं नसतं.

एकदा घोषणा झाली की पुढचं काम जग करतं. अमेरिकेचा जिम रायन हा चार मिनिटांच्या आत मैल पळालेला पहिला शाळकरी मुलगा. १९६५ मध्ये त्याने ३ मिनिटं ५५.३ सेकंदांची वेळ दिली, पुढच्याच वर्षी जागतिक विक्रम केला. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत केनियाच्या किप केइनोच्या मागे त्याला रौप्यपदक मिळालं, तर अनेकांच्या लेखी तो हरला. ऑलिंपिकमध्ये दुसरा येऊनही हरलेला ठरायचं असेल, तर शाळेतच फार चांगलं पळावं लागतं. रायनचा शालेय विक्रम ३६ वर्षांनी, २००१ मध्ये, ॲलन वेबने ३ मिनिटं ५३.४३ सेकंदांत मोडला. पुढे २००७ मध्ये वेब ३ मिनिटं ४६.९१ सेकंदांत मैल पळाला. तो अमेरिकी विक्रम २०२३ पर्यंत टिकला. तरी २००४ च्या ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडला, एवढंच धरून लोक अजून "वाया गेला" म्हणून हळहळतात. असं वाया जायला मला तरी आवडलं असतं, पण माझ्याकडून कुणाला अपेक्षा नव्हत्या.

हे सगळं ऐकून मुलाचा धीर खचला तर केनियाच्या एलिउड किपचोगेचं नाव घ्या. तो २००३ मध्ये १८ व्या वर्षी ५,००० मीटरचा जगज्जेता झाला आणि २०२१ मध्येही ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकत होता. एक किपचोगे पुरतो. त्याच्याबरोबर लहानपणी जिंकलेले बाकीचे कुठे गेले, असं मुलाने विचारलं तर अभ्यासाला बसवा.

ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाचं मात्र नवल वाटतं. १८ वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा १९९९ मध्ये सुरू केली आणि २०१७ मध्ये नैरोबीनंतर बंद करून टाकली. सोळाव्या वर्षी जगज्जेता व्हायची एवढी छान सोय होती! आईवडिलांच्या भावनांचा कुणी विचारच करत नाही.

कार्लोस लोपेशने १९८४ मध्ये ३७ व्या वर्षी ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली, कॉन्स्टांटिना डिटाने २००८ मध्ये ३८ व्या. ही दोन नावं घरात चुकूनही काढू नका. एवढ्या उशिरा सुवर्णपदक येऊन उपयोग काय? तोवर शाळेच्या पालकसभेतली माणसं कुठल्या कुठे पांगलेली असतात. पदक दाखवायचं कुणाला?