एस्कीशेहिरमध्ये पाइप आजही घडतात
तंबाखू ओढायच्या पाइपांवरचा तुमचा लेख आवडला, पण ‘हातानं कोरलेले पाइप आता त्यांच्या मायदेशी कुणी बनवत नाही’ हे वाक्य खटकलं. तुर्कस्तानातल्या मीरशॉम नावाच्या दगडाच्या पाइपांच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. हा पांढरा, हलका दगड तिथल्या एस्कीशेहिर शहराच्या आसपासच्या खेड्यांत जमिनीखालून काढतात. तुर्की लोक त्याला ‘ल्युलेताशी’ म्हणतात, म्हणजे चिलमीचा दगड. पूर्वी कच्चा दगड व्हिएन्नाला जायचा आणि नाव व्हायचं तिथल्या कारागिरांचं. 1970 च्या दशकात तुर्कस्ताननं कच्च्या दगडाची निर्यात रोखली, तेव्हापासून कोरीवकाम घरच्या घरी आलं. फार बरं झालं ते!

एस्कीशेहिरमधल्या ओदुनपाझारी या जुन्या पेठेतल्या एका दुकानात मी तासभर बसून होतो. कारागीर दगड आधी ओला करून घेतात. मग तो ओल्या साबणासारखा सुरीखाली सोलला जातो. पाइपवरच्या एका पगडीवाल्या म्हाताऱ्याच्या दाढीचा एकेक केस तिथल्या कारागीर आजोबांनी माझ्यासमोर कोरला. नंतर वाळवायचं, घासायचं आणि वितळलेल्या मेणात बुडवायचं. पुढं वापरता वापरता तोच पांढरा पाइप मधासारखा पिवळा, मग तपकिरी होत जातो.

मी तंबाखू ओढत नाही, कुणी ओढावी असंही मला वाटत नाही. पण त्या हातांची कला डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून ती संपली असं वाचवत नाही. कृपया लेखात एस्कीशेहिरचा उल्लेख घाला.