माझा खासगी चोर

माझा एक चोर आहे. अजून प्रत्यक्ष भेट झालेली नाही, पण मी गाडी पार्क केली की तो कामावर रुजू होतो. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो साधा चोर. काच फोडतो, हाताला लागेल ते उचलतो, पळतो. माझा चोर डोकेबाज आहे. मी काय विचार करीन याचा तो आधीच विचार करून ठेवतो. मग त्याने काय विचार केला असेल याचा मला विचार करावा लागतो. तोवर बायको गाडीतून उतरून चालायलाही लागलेली असते.

ग्लव्ह बॉक्स मी पहिल्याच दिवशी बाद केला. उघड्या मोटारींच्या जमान्यात चालवणारे हातमोजे तिथं ठेवायचे, म्हणून ते नाव. आता त्यात हातमोजे सोडून सगळं असतं, हे चोरांच्या बालवाडीतही शिकवत असणार. सीटखाली? चोराला वाकता येतं. सीटमागच्या खिशात हात घालायचं धाडस आमच्या घरात कुणी करत नाही, पण चोराचा काय भरवसा! मोबाइल एकदा डॅशबोर्डवर जुन्या फडक्याखाली लपवला होता. उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज जास्त तापते. परत आलो तेव्हा मोबाइलने पडद्यावर थर्मामीटरचं चित्र काढून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चोराने नेला असता तर निदान सावलीत तरी राहिला असता.

शेवटी मला स्टेपनी सापडली. हा शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला काढलं आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. त्या चाकाच्या पोटात माझं पाकीट किती चपखल बसतं, याचं श्रेय मात्र त्यांना नाही, मला आहे.

अडचण एकच. स्टेपनीपर्यंत पोचायचं तर आधी डिकी रिकामी करावी लागते. पहिल्या दिवशी मी भर पार्किंगमध्ये दोन पिशव्या, एक छत्री, तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट आणि देऊन टाकायचे म्हणून वर्षभर फिरवलेले कपडे बाहेर मांडले. मॅट उचलली, चोरट्या नजरेने इकडेतिकडे बघितलं, पाकीट आत सारलं, मॅट थोपटून बसवली. मान वर केली तर शेजारच्या गाडीतलं अख्खं कुटुंब माझ्याकडे नाटक बघावं तसं बघत होतं. त्यातल्या पोराने तर मान डोलावून पसंतीही दिली.

लपवायचं ते मुक्कामी पोचण्याआधी, हा नियम मी तिथंच केला. नियम बरोबर आहे. मी आजही त्याच्याच बाजूने आहे.

पुढच्या रविवारी आम्ही तलावावर पोहायला निघालो. तलाव दोन किलोमीटरवर राहिला असताना मी गाडी निर्जन रस्त्याच्या कडेला घेतली. डिकी उघडली, पिशव्या उतरवल्या, मॅट उचलली, पाकीट स्टेपनीच्या पोटात ठेवलं. एवढ्यात मागून आवाज आला.

“काका, पंक्चर?”

मोटारसायकलवरचा एक तरुण. चेहऱ्यावर इतका निर्मळ मदतीचा भाव, की मला खरं बोलवेना. “नाही, पाकीट लपवतोय” असं अनोळखी माणसाला सांगायचं तरी कसं? मी “हो” म्हणालो.

“कुठलं चाक?”

मी एका चाकाकडे बोट दाखवलं. त्याने ते अंगठ्याने दाबून पाहिलं. “हवा तर आहे काका.”

“हळूहळू जाते.”

त्याने बाह्या सरसावल्या. जॅक लावला, पाना घातला, त्यावर उभं राहून एकेक नट ढिला केला. मी धडधाकट चाकाकडे शोकमग्न चेहऱ्याने बघत उभा. बायको पुढच्या सीटवर सरळ समोर बघत बसली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसं असं बघायला शिकतात. मग त्याने स्टेपनी उचलली आणि पाकीट पायाशी पडलं. त्याने ते झटकून माझ्या हातात दिलं. “जपा काका. पडलं असतं कुठंतरी.” माझी लपवायची जागा पहिल्यांदा ज्याला सापडली, त्याने ऐवज परत केला होता. माझ्या चोराच्या तालमीत हे बसतच नव्हतं.

तो गेल्यावर मी घाईघाईने पाकीट दुसरीकडे लपवलं. कुठे, ते बायकोला सांगितलं नाही. गुपित षट्कर्णी होऊ नये म्हणतात. मी चार कानांवरही विसंबत नाही.

तलावावर प्रश्न होता चावीचा. साधी लोखंडी चावी असती तर गळ्यात बांधून पाण्यात उतरलो असतो. पण आमच्या चावीत चिप, बटणाएवढी बॅटरी आणि बराच अहंकार आहे. तिला पाणी चालत नाही. ती जवळपास लपवावी, तर गाडीला वाटतं मालक दाराशीच उभे आहेत. मग हँडलला कुणीही हात लावला तरी गाडी अदबीने उघडते. यावरचा उपाय मी घरूनच आणला होता: अॅल्युमिनियमची फॉइल. १८३६ साली मायकेल फॅरेडेने अख्खी खोली धातूच्या वर्खाने मढवली, बाहेरून विजेचे लोळ सोडले आणि आत काही शिरत नाही हे दाखवलं. धातूच्या आवरणाने चावीचे रेडिओ संदेशही अडतात. गाडी लॉक केली, चावीला एक थर गुंडाळला, हँडल धरलं. गाडी उघडली. कुठंतरी फट राहिली होती. तीन थर दिले, कडा नखाने दाबल्या. आता गाडी मला ओळखेना. इतका आनंद मला ओळख पटल्यावरही कधी झाला नव्हता! तो चकचकीत गोळा मी मागच्या चाकाशी, दगडाच्या आडोशाला ठेवला आणि निर्धास्तपणे पोहलो.

बाहेर आलो तर दगड होता, गोळा नव्हता.

“इथलं काही उचललंस?”

“चाकाशी कुणीतरी फॉइल चुरगळून टाकली होती. डब्यात टाकली. लोकांना ना, अजिबात शिस्तच नाही.”

कचऱ्याच्या डब्यात फॉइलचे सात गोळे होते. मी एकेक गोळा गाडीजवळ नेऊन हँडल धरत होतो. चौथ्या गोळ्याला लक्षात आलं, की त्यातला माझा असला तरी गाडी उघडणार नाही. तीन थर मीच दिले होते.

“अहो, जो जड लागेल तो,” बायको टॉवेल पिळत म्हणाली.

चावी सहाव्यात निघाली. बाकीच्यांत काय होतं ते सांगत नाही.

गाडी सुरू झाली. बायको म्हणाली, “वाटेत चाकाची हवा बघून घेऊ. पाकीट द्या.”

“ते सुरक्षित आहे.”

“कुठे?”

मी डिकी रिकामी केली. पिशव्या, छत्री, रॅकेट, कपडे. मॅटखाली आमचं धडधाकट चाक होतं, बाकी काही नव्हतं. घाईत मी कुठल्या जागेला सर्वात बिनडोक समजलो असेन, याचा विचार केला. मग माझ्या चोराने काय विचार केला असता, त्याचा केला. सीटमागचा खिसा पाहिला. त्यात पाकीट सोडून सगळं होतं. शेवटी गाडीबाहेर गुडघे टेकले आणि ड्रायव्हरच्या सीटखाली खांद्यापर्यंत हात घातला. डोकं आत, बाकीचा मी बाहेर.

मागे मोटारसायकल थांबली.

“काका, परत पंक्चर?”