यरीहोचा तट पडला, पण कधी?

"उत्खननात यरीहोचे पडलेले तट सापडले, बायबल शब्दशः खरं ठरलं" हा मेसेज पुन्हा फिरतोय. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातली गोष्ट बहुतेकांना माहीत असते: यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली सात दिवस यरीहो शहराला फेऱ्या घालतात, याजक शिंगं फुंकतात, लोक आरोळी ठोकतात आणि तट कोसळतो.

"तट सापडले." सापडले की! पुरातत्त्वज्ञ जॉन गारस्टँग यांनी १९३० ते ३६ दरम्यान तेल एस-सुलतानच्या टेकाडात, म्हणजे जुन्या यरीहोच्या जागी, ते खणून काढले आणि इ.स.पू. १४०० च्या आसपासचे, म्हणजे मेसेजवाल्यांच्या मते यहोशवाच्याच काळातले, ठरवले. मेसेज इथेच संपतो, उत्खनन मात्र संपलं नाही. १९५२ ते ५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी तिथलेच थर काटेकोरपणे सुटे केले, तेव्हा ते तट जवळजवळ हजार वर्षं आधीचे निघाले.

"जळक्या धान्याने भरलेले रांजण मिळाले, म्हणजे सुगीनंतर लगेच शहर पडलं." हा मुद्दा दमदार आहे. रांजण खरे, आगही खरी. पण आग कधीची? लाकडाच्या कोळशावर फार विसंबता येत नाही. घराची तुळई जुनी, तिचं झाड त्याहून जुनं. धान्य मात्र त्या एक-दोन हंगामांतलं. म्हणून त्या करपलेल्या दाण्यांचीच कार्बन चाचणी झाली. १९९५ साली निकाल प्रसिद्ध झाला: इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपास. म्हणजे मेसेजच्या यहोशवाआधी निदान शंभर वर्षं.

"कोळशाचा एक नमुना इ.स.पू. १४१० चा आला होता." आला होता. ब्रिटिश म्युझियमने त्या काळातल्या आपल्या मोजण्या सदोष निघाल्याचं नंतर स्वतःच जाहीर केलं आणि तो आकडा दुरुस्त केला. फॉरवर्डमध्ये दुरुस्ती कोण टाकतो?

"आय शहरही तसंच जिंकलं." आय म्हणजे त्याच पुस्तकात यरीहोनंतर जिंकलेलं शहर. बहुतेक अभ्यासक एत-तेल या टेकाडालाच आय मानतात. तिथे इ.स.पू. २४०० ते १२०० च्या दरम्यान वस्तीच नव्हती.

गंमत म्हणजे खरोखर विचारात पाडणारं हासोर, यहोशवाने जाळल्याचं त्याच पुस्तकात म्हटलेलं शहर, मेसेजमध्ये नाहीच. तिथला राजवाडा इ.स.पू. तेराव्या शतकात भीषण आगीत गेला, मूर्तींची डोकी नि हात तोडलेले सापडले. हे कुणी केलं यावर पुरातत्त्वज्ञांत आजही वाद आहे. पण ते काम यहोशवाचं मानलं आणि यरीहो १४०० ला पडलं असंही धरलं, तर एकाच माणसाची मोहीम शंभराहून जास्त वर्षं चालली म्हणायची.