जगाची तिजोरी सांभाळू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

जगाच्या अर्थकारणाची सूत्रे हाती घेण्याचे आपण मनावर घेतले आहे, हे ऐकून बरे वाटले. या कामाला अफाट पैसा लागतो असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो आपण आधी मनातून काढून टाकावा. पैसा बहुतांशी इतरांचाच असतो. आपल्याला हवी असते ती योग्य वेळी योग्य दालनातली खुर्ची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मसुदा लिहिणारा माणूस आपला असणे. या दोन गोष्टी जुळल्या की पुढची ऐंशी वर्षे फारसे काही करावे लागत नाही.

मुहूर्त शक्यतो ऐन युद्धातला धरावा, कारण तेव्हा बाकीचे थकलेले, कर्जबाजारी आणि घाईत असतात. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्सच्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा युरोपात लढाई चालूच होती. ब्रिटनतर्फे नामवंत अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स आले होते. कोणत्याही एका देशाच्या मालकीचे नसलेले ‘बँकोर’ नावाचे जागतिक चलन निर्माण करावे, अशी त्यांची योजना होती, आणि वादात त्यांना हरवील असा माणूस त्या इमारतीत बहुधा नव्हता. अमेरिकेच्या अर्थखात्यातील हॅरी डेक्स्टर व्हाइट यांच्यापाशी तेवढे तेज नव्हते. त्यांच्या देशापाशी सोने होते. परिषदेत दोन नव्या संस्था घडवायच्या होत्या: अडचणीतल्या देशांना कर्जे देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक. व्हाइट यांनी नाणेनिधीची घटना ठरवणारा आयोग स्वतःकडे ठेवला आणि बँकेच्या आयोगाचे अध्यक्षपद केन्स यांना सन्मानपूर्वक दिले. हा धडा आपण गिरवून ठेवावा: बुद्धिमान माणसाला विरोध करत बसू नये, त्याला दुसऱ्या कुठल्या तरी समितीचे अध्यक्ष करावे. परिषद आटोपली तेव्हा बँकोरचा मागमूस नव्हता, एक औंस सोन्याला ३५ डॉलर हा भाव पक्का झाला होता आणि बाकीची चलने डॉलरच्या दावणीला बांधली गेली होती.

आता मतदानाची व्यवस्था पाहू. एक देश, एक मत ही पद्धत शोभेच्या सभागृहांसाठी उत्तम आहे, कारण तेथील ठरावांनी कोणाच्या खिशाला सहसा चाट बसत नाही. जेथे कर्जे मंजूर व्हायची असतात तेथे मात्र मते वर्गणीच्या प्रमाणात वाटावीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे १९१ सभासद आहेत आणि त्यात अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मते आहेत. हा आकडा दिसायला किती सोज्ज्वळ आहे, हे ध्यानात घ्यावे. बहुमत तर सोडाच, पाचवा हिस्साही नाही. परंतु घटनेतील महत्त्वाच्या बदलांना ८५ टक्के मते लागतील, अशी एक अट तेथे आहे. आता आपण पाटी-पेन्सिल घ्यावी. शंभरातून साडेसोळा वजा केले की साडेत्र्याऐंशी उरतात. म्हणजे चीन, जपान, जर्मनीपासून ते समुद्रातल्या इवल्याशा बेटांपर्यंत उरलेल्या १९० देशांनी एकदिलाने हात वर केले, तरी दीड टक्का कमी पडतो. नकाराधिकार हा कर्कश शब्द कोणाला उच्चारावाच लागत नाही; वजाबाकी आपले काम मुकाट्याने करते. पूर्वी ही अट ८० टक्क्यांची होती. अमेरिकेचा वाटा घसरत पाचव्या हिश्शाच्या खाली आला, तेव्हा ती अटच वर सरकवण्यात आली.

याच घटनेत आणखी एक गोंडस कलम आहे. ज्या देशाचा वाटा सर्वांत मोठा, त्याच्या भूमीवर निधीचे मुख्य कार्यालय असावे, असे ते सांगते. २०१७ मध्ये निधीच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्ड यांनी अर्धवट विनोदाने म्हटले होते की, आणखी दहा वर्षांनी आपण कदाचित बीजिंगमध्ये बसून बोलत असू. सभागृह हसले असेल, पण घाबरण्याचे कारण नव्हते. चीनपाशी आज सहा टक्क्यांच्या आसपास मते आहेत, ती वाढायची तर वाट्यांची फेरवाटणी व्हायला हवी आणि फेरवाटणीला ८५ टक्के मते लागतात. २०१० मध्ये अशी एक माफक फेरवाटणी मंजूर झाली होती. अमेरिकी काँग्रेसने ती वाचायला पाच वर्षे घेतली आणि ती अमलात आली जानेवारी २०१६ मध्ये. घोंगडे भिजत घालणे हा या क्षेत्रात आळस नसून धोरण असते, हे नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

गरिबांचा कळवळा अधूनमधून दाखवावा, मात्र सूत्र बदलू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये महासाथीने खंगलेल्या जगासाठी निधीने ६५० अब्ज डॉलर मोलाचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे गरज पडल्यास खऱ्या चलनात बदलून घेता येणारी निधीची राखीव मत्ता, वाटले. एवढे मोठे वाटप यापूर्वी कधी झाले नव्हते. वाटप अर्थातच वाट्यांच्या प्रमाणात झाले, म्हणून निम्म्याहून अधिक रक्कम श्रीमंत देशांच्या खात्यांत जमा झाली आणि अगदी गरीब देशांच्या पदरात सुमारे २१ अब्ज पडले. भूक कोणाला किती आहे हे कोणी विचारले नाही. ज्याचे ताट मोठे त्याला वाढप मोठे. तरीही त्या दिवसाची निवेदने वाचावीत, ती वाचताना डोळे पाणावतात.

प्रमुखाच्या नेमणुकीबाबत काहीही लिहून ठेवू नये. नाणेनिधीचा प्रमुख युरोपीय असतो आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकी नागरिक, असे कोणत्याही नियमात म्हटलेले नाही. तरी प्रत्येक वेळी खुल्या, पारदर्शक आणि केवळ गुणवत्तेवर आधारलेल्या निवडीतून योगायोगाने तसेच होत आले आहे. गुणवत्तेला राष्ट्रीयत्वाची इतकी अचूक जाण असते, हे खरोखर नवल आहे. लिखित नियमांचे काय करायचे ते २०१९ मध्ये दिसले. नवीन प्रमुखाचे वय नेमणुकीच्या वेळी ६५ च्या आत असावे असा निधीचा नियम होता आणि बल्गेरियाच्या क्रिस्तालिना जॉर्जिएवा ६६ वर्षांच्या होत्या. नियम रद्द करण्यात आला. बाई कर्तबगार आहेत, याबद्दल शंका नाही. माझे कौतुक आहे ते या गोष्टीचे की, लिहिलेली अट काही आठवड्यांत पुसली गेली आणि न लिहिलेली पाऊणशे वर्षे अभंग आहे.

स्वतःचा गट काढायचा असेल तर नावात आकडा घालावा, आणि नंतर त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहू नये. जी-टेन या श्रीमंत देशांच्या गटात ११ देश आहेत. जी-ट्वेंटीमध्ये १९ देश, युरोपीय संघ आणि २०२३ पासून आफ्रिकी संघ, असे २१ सभासद बसतात. जी-७७ या विकसनशील देशांच्या गटाची सभासदसंख्या १३४ आहे. ज्यांना स्वतःची मोजदाद नीट जमत नाही, त्यांच्या हाती जगाच्या तुटीचे हिशेब आहेत, असा कुत्सित शेरा कोणी मारल्यास आपण गंभीर राहावे. बड्या श्रीमंत देशांच्या जी-सेव्हनचा आकडा मात्र सध्या बरोबर आहे, पण त्यालाही पुष्कळ खटाटोप करावा लागला: १९७५ मध्ये फ्रान्समधील रांबुये येथे सहा देशांचे नेते बसले, पुढच्या वर्षी कॅनडा आला, नव्वदच्या दशकात रशियाला घेऊन आठ झाले आणि २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यावर त्याला वगळून पुन्हा सात. या गटाला कायमचे कार्यालय नाही, सचिवालय नाही, घटनाही नाही. हे विशेष अनुकरणीय आहे. ज्याला पत्ता नसतो त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही.

गट आधी हवा की नाव आधी, असा प्रश्न आपल्याला पडेल. ब्रिक्सचे उदाहरण पाहावे. ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांची आद्याक्षरे २००१ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक बँकेचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी एकत्र केली, ती ग्राहकांना गुंतवणुकीची दिशा दाखवण्यासाठी. आठ वर्षांनी त्या देशांचे नेते रशियातील येकातेरिनबुर्गला खरोखरच भेटले. डॉलरच्या वर्चस्वाला आव्हान देणाऱ्या आघाडीचे बारसे न्यूयॉर्कच्या एका बँकेने करावे, हा विनोद आपणहून कोणाला सुचला नसता. पुढे दक्षिण आफ्रिका आली, मग इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आणि इंडोनेशिया. आता तेलाचे विक्रेते आणि तेलाचे ग्राहक, तसेच सीमेवर एकमेकांकडे डोळे वटारून पाहणारे शेजारी, एकाच छायाचित्रात एकाच रांगेत उभे असतात. आघाडीचे यश या छायाचित्रावरून मोजावे.

न्यायालयाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे हौशी मंडळी हमखास चुकतात. निकाल विरुद्ध गेला की ती न्यायाधीशांवर टीका करतात, संस्था सोडण्याच्या धमक्या देतात आणि नाहक वाईट दिसतात. जागतिक व्यापार संघटनेत १६६ सभासद आहेत आणि तेथे नेमणुकांसह बहुतेक सारे काही सर्वसंमतीने होते, म्हणजे कोणाही एकाला ते थांबवता येते. तिच्या अपील मंडळात सात जागा होत्या आणि खटला ऐकण्यासाठी तिघे लागत. अमेरिकेला मंडळाचे काही निकाल रुचले नाहीत. तिने मंडळ बरखास्त करा म्हटले नाही. मुदती संपत गेल्या तसतशा नव्या नेमणुकांना फक्त संमती दिली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याही सदस्याची मुदत संपली. राष्ट्राध्यक्ष बदलले, पक्ष बदलला, ही भूमिका तेवढी बदलली नाही. आता संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात पहिला निकाल लागतो, हरलेला पक्ष नियमानुसार अपील करतो, अपील ऐकायला कोणी नसते आणि जोवर अपील प्रलंबित आहे तोवर निकाल लागू होत नाही. निकेलच्या निर्यातबंदीवरून युरोपीय संघाने इंडोनेशियाविरुद्ध खटला जिंकला, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये इंडोनेशियाने अत्यंत विधिवत अपील दाखल केले. कायद्याचा मान राखून कायद्यातून सुटण्याचा इतका सुबक मार्ग दुसरा नसेल. रिकाम्या खुर्च्यांची नियमितपणे झाडलोट व्हावी, एवढे पाहावे.

शब्दांची निवड हा या व्यवसायातला सर्वांत जोखमीचा भाग आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची व्याजदर ठरवणारी समिती वर्षातून आठदा भेटते आणि बारा मते मोजून एक छोटेसे निवेदन काढते. ते बाहेर पडताच जगभरचे लोक ते आधीच्या निवेदनाशेजारी ठेवून कोणता शब्द गेला आणि कोणता आला, हे भिंगातून पाहावे तसे पाहतात. २०२१ मध्ये महागाई ‘तात्पुरती’ आहे, असे सांगण्यात येत होते. नोव्हेंबरअखेर फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे प्रमुख जेरोम पॉवेल यांनी हा शब्द आता निवृत्त करायला हवा, असे जाहीर केले. महागाई मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती आणि जून २०२२ मध्ये तिने ९.१ टक्के गाठले. मार्च २०२२ मध्ये शून्याला टेकलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला आणि ज्या देशांनी डॉलरमध्ये कर्जे काढली होती त्यांचे हप्तेही त्याबरोबर वर गेले. त्या देशांतल्या कोणी या बारा जणांना मत दिले नव्हते. पण त्यांनाही निवेदन वाचण्याची पूर्ण मुभा आहे.

तात्पुरता हा शब्द तसा फार टिकाऊ आहे. १५ ऑगस्ट १९७१ च्या रविवारी संध्याकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून डॉलरच्या बदल्यात सोने देणे तात्पुरते थांबवत असल्याचे सांगितले. ही तात्पुरती व्यवस्था पन्नास वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. त्याच वर्षी त्यांचे अर्थमंत्री जॉन कॉनली यांनी इतर देशांच्या अर्थमंत्र्यांना, डॉलर हे आमचे चलन आहे पण अडचण तुमची आहे, असे सुनावले. इतके खरे बोलणे मात्र आपण टाळावे.

धाडस करायचेच तर मारिओ द्रागी यांचे करावे. जुलै २०१२ मध्ये युरो कोसळण्याच्या बेतात असताना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या या प्रमुखांनी लंडनमधल्या भाषणात सांगितले की, युरो वाचवण्यासाठी बँक लागेल ते करील, आणि ते पुरेसे असेल. बाजार सावरला. त्यानंतर रोखेखरेदीची एक योजना जाहीर झाली आणि तिच्यातून आजतागायत एकही रोखा विकत घ्यावा लागलेला नाही. शब्दांना इतका भाव येतो, तो त्यामागे नोटा छापण्याचे यंत्र आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे. तेच वाक्य यंत्र नसलेल्या देशाने उच्चारले असते, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या चलनाचे काय झाले असते ते सांगायला नको.

पत मोजणाऱ्यांचे भय बाळगू नये. ऑगस्ट २०११ मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च मानांकन एका पायरीने उतरवले. अमेरिकी अर्थखात्याने त्यांच्या हिशेबात सुमारे दोन लाख कोटी डॉलरची चूक दाखवून दिली. संस्थेने चूक दुरुस्त केली आणि निर्णय तसाच ठेवला. घाबरलेल्या गुंतवणूकदारांनी समभाग विकले आणि सुरक्षित म्हणून जे विकत घेतले, ते नुकतेच मानांकन घसरलेले अमेरिकी सरकारचेच रोखे. असे घाबरणारे धनको आपल्याही नशिबी यावेत.

जकातीचे हत्यार शेवटी काढावे, परंतु काढल्यावर यादी एकदा नजरेखालून घालावी. २ एप्रिल २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी देशोदेशींच्या मालावर जे कर जाहीर केले, त्यांत अंटार्क्टिकाजवळच्या हर्ड आणि मॅक्डोनाल्ड या निर्मनुष्य बेटांवरही दहा टक्के कर होता. तेथे पेंग्विन राहतात. त्यांनी प्रत्युत्तरादाखल कर लावल्याचे ऐकिवात नाही, हे त्यांच्या मुत्सद्देगिरीचे लक्षण मानता येईल. आठवडाभरात बहुतेक देशांवरचे वाढीव कर नव्वद दिवसांसाठी थांबवले गेले. दहा टक्के मात्र राहिले, पेंग्विनांसह.

एवढे करूनही एखाद्या दिवशी आपलीच संस्था बंद करावी, अशी मागणी होऊ शकते. अशा वेळी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची आठवण ठेवावी. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स ही १९३० मध्ये पहिल्या महायुद्धाची जर्मनीकडील खंडणी वसूल करून वाटण्यासाठी निघाली आणि दोन वर्षांत खंडणीच बंद झाली. काम संपल्यावरही ती राहिली. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या त्याच हॉटेलात, तिला शक्य तितक्या लवकर गुंडाळावे, असा ठराव रीतसर संमत झाला. आज ६३ मध्यवर्ती बँका तिच्या सभासद आहेत आणि त्यांचे गव्हर्नर दर दोन महिन्यांनी तेथे बंद दाराआड भेटतात. ठरावाला तेहतीस वर्षे झाली तेव्हा, १९७७ मध्ये, तिचा नवा गोल मनोरा उभा राहिला. तेव्हा बरखास्तीचा ठराव आलाच तर त्याला आपण स्वतः अनुमोदन द्यावे, इतिवृत्तात ते नोंदवून घ्यावे आणि त्याच संध्याकाळी वास्तुविशारदाला निरोप पाठवावा.