मोठ्या अक्षरांचा मान

छापखान्यात ३५ वर्षे अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाला इंग्रजीतील मोठ्या आणि लहान अक्षरांचे नियम दुसरीतल्या मुलांना सांगणे जड जाऊ नये, अशी माझी समजूत होती. इंग्रजी खिळ्यांचे दोन खोके असत. मोठी अक्षरे वरच्या खोक्यात आणि लहान खालच्या, म्हणून त्यांना ‘अप्पर केस’ व ‘लोअर केस’ ही नावे पडली. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या सोप्यावर ही माहिती मी ऐटीत दिली. समोर माझी नात आणि शेजारचा कन्नड मुलगा असे दोघेच विद्यार्थी होते.

“आबा, मग मराठीचा वरचा खोका कुठं ठेवलाय वो?” नातीने विचारले.

मराठीत अक्षरांना लहानमोठेपण नाही आणि कन्नडमध्येही नाही, हे सांगताना सरळ थांबलो असतो तर पुढचे रामायण टळले असते. परंतु ‘इंग्रजीत कुणाच्याही नावाला मान देण्यासाठी पहिले अक्षर मोठे काढतात’ असे मी बोलून गेलो. ‘आबा आला’ न म्हणता ‘आबा आले’ म्हणणाऱ्या घरातल्या मुलीला आणि आजोबांना ‘नीवु’ म्हणणाऱ्या मुलाला मान ही गोष्ट फार चांगली कळते. माझ्यापेक्षाही चांगली कळते, हे पुढच्या तासाभरात सिद्ध झाले.

गल्लीतल्या मोत्याच्या नावाला मोठा एम देण्यास शेजाऱ्याने साफ नकार दिला, कारण आदल्याच दिवशी मोत्याने त्याची चप्पल पळवली होती. साऱ्या बेळगावचा जीव ज्यात अडकलेला, त्या कुंदा नावाच्या मिठाईला लहान के आहे हे ऐकून नातीचे तोंड उतरले. ‘मंडे’ला मोठा एम आणि ‘मान्सून’ला लहान, हे तर दोघांनाही पटेना. वारांना आणि महिन्यांना मोठे अक्षर, ऋतूंना लहान, हा नियम मी तीनदा म्हणून दाखवला. पण शाळेला सुट्टी मिळवून देणारा पाऊस लहान आणि शाळेत धाडणारा सोमवार मोठा, यात न्याय कुठे आहे याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

सर्वांत कठीण प्रसंग ‘आय’ने आणला. ‘मी’ या अर्थाचा आय वाक्यात कुठेही आला तरी मोठाच, ‘यू’ मात्र वाक्याच्या आरंभी नसेल तर लहान.

“म्हणजे सोताला मान आणि समोरच्याला नाही?” नात म्हणाली.

“याक, अज्जा?” शेजाऱ्यानेही दुजोरा दिला. याक म्हणजे का. मी चहा मागवला.

भाषांच्या नावांना मोठे अक्षर असते हे सांगताच दोघे एकमेकांकडे पाहू लागले. वहीत ‘मराठी’चा एम आणि ‘कन्नड’चा के शेजारी शेजारी काढून झाले, फूटपट्टी आली, उंची मोजली गेली. चाररेघी वहीत दोन्ही अक्षरे वरच्या रेघेला नेमकी टेकलेली निघाली आणि विषय संपला. आमच्या भागात इतक्या झटपट मिटलेला वाद मी तरी दुसरा पाहिलेला नाही. गावाच्या नावानेही माझी लाज राखली. १ नोव्हेंबर २०१४ रोजी इंग्रजीत ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले, पण आरंभीचा मोठा बी जागचा हलला नाही.

आठवड्याने नातीने माझ्यावर इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या. माझी शिकवण तिने मनावर घेतली होती: ‘ग्रँडफादर’ हा शब्द प्रत्येक ओळीत संपूर्ण मोठ्या अक्षरांत होता, एकेक अक्षर वरच्या रेघेला डोके टेकवून उभे होते आणि तिने स्वतःसाठी वापरलेला ‘आय’ मात्र अगदी नम्रपणे मधल्या दोन रेघांत बसला होता. बाईंनी सगळ्यांवर लाल रेघा मारून पालकांची सही आणायला सांगितले होते.

मी सही करून वही परत दिली. नातीने ती डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे पाहिले.

“आबा, तुमच्या सहीतलं पहिलं अक्षर लहान हाय की.”

३५ वर्षे दर महिन्याला पगाराच्या वहीत मी तशीच सही करत आलो होतो. तिने दप्तरातून लाल पेन्सिल काढली.