‘दहा वर्षं झाली, ट्रॅक्टर विका’ म्हणणाऱ्यांना

ज्वारीची मळणी चालू होती. चुलत्यांनी मोबाइल पुढं केला आणि म्हणाले, “वाच की जरा. आपला आता काढायला पाहिजे म्हणं.” मेसेज तोच, जो गेले काही महिने मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दहा वर्षांवरचा ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार आहे, धूर सोडायला लागला म्हणजे इंजिन संपलं, सोलापूरच्या उन्हात जुनं इंजिन तापणारच, पार्ट मिळत नाहीत, आणि दुरुस्तीला जेवढे घालता तेवढ्यात नव्याचा हप्ता निघतो.

आमचा ट्रॅक्टर 25 एचपीचा, दोन सिलिंडरचा, 2004 सालचा. म्हणजे मेसेजच्या हिशेबानं तो मरून दहा वर्षं उलटली. तो त्या वेळी खळ्यावर मळणी यंत्र ओढत होता.

भंगाराची गोष्ट आधी संपवू. ती सरळ खोटी आहे. शेतीचा ट्रॅक्टर नोंदणीत ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’मध्ये, म्हणजे वाहतुकीच्या धंद्यात नसलेल्या गाड्यांत येतो. पहिली नोंदणी 15 वर्षांची, पुढं दर वेळी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. रस्ते वाहतूक मंत्रालयानं दहा वर्षांची ही अफवा खोटी असल्याचा खुलासाही केलेला आहे. दहाचा आकडा बहुतेक दिल्लीतून आला असावा, तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाला होता. 15 वर्षांनी बाद होतात त्या सरकारी मालकीच्या गाड्या. तुम्ही फक्त आरसी बुकावरची तारीख बघा. मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरता येतो. आमचा एमएच 13, म्हणजे सोलापूर पासिंगचा ट्रॅक्टर याच वाटेनं पुढं गेलाय.

आता धुराकडं येतो, कारण खरं नुकसान या मुद्द्यानं होतं.

दोन वर्षांपूर्वी रोटाव्हेटर मारताना आमच्या ट्रॅक्टरनं काळाकुट्ट धूर सोडायला सुरुवात केली. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं काहीही न खोलता निदान केलं, फुल इंजिन काम, पिस्टन आणि तो ज्या नळीत वरखाली होतो तो लायनर, सगळं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एकच विचारलं, “मालक, एअर क्लीनर कधी उघडला होता?” मला आठवेना. त्यांनी इंजिनला जाणारी हवा गाळणाऱ्या त्या डब्याच्या क्लिपा सोडल्या आणि खालची वाटी हातात दिली. तिच्यात खुणेपर्यंत पातळ ऑइल असायला पाहिजे. होतं ते घट्ट पिठलं. बोट घातलं तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. मळणीतलं भुसकट आणि काळ्या रानाची धूळ थर बसून वाटी अर्धी भरली होती, आणि वरची जाळी कोंडलेली. त्यांनी काडीनं सगळं खरवडलं, वाटी-जाळी डिझेलनं धुतली, जाळी निथळू दिली, नवं ऑइल बरोबर खुणेपर्यंत ओतलं. धूर बराच उतरला. उरलेला एका नोझलचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीचा होता. इंजिनचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात टेस्टिंगला लावल्यावर दिसलं, एक नोझल धुक्यासारखा फवारा मारत होतं, दुसरं नळासारखं ठिबकत होतं. सगळं मिळून हजाराच्या आत निघालं.

काळा धूर म्हणजे इंजिनला हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. एअर क्लीनर, नोझल, नाहीतर तुम्हीच झेपणार नाही एवढं अवजार लावलंय. यातलं काहीच इंजिन संपल्याचं लक्षण नाही. निळा धूर गंभीर, तिथं ऑइल जळतं. पण तिथंही आधी एअर क्लीनरच बघा. वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि निळा धूर सोडतं. जास्तच ओढलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, किल्लीनं थांबत नाही. वाटी बरोबर असूनही निळा धूर राहिला, इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून भकाभका हवा येऊ लागली, तर मग पिस्टनच्या रिंगा गेल्यात असं समजा. पांढरा धूर थंडीत सकाळी सुरुवातीला येतो, तो सोडून द्या. इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी रोज खाली जात असेल, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग तपासा.

मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज संध्याकाळी उघडायची. दहा मिनिटांचं काम आहे. कोरडा कागदी फिल्टर असेल तर तो टायरवर आपटू नका आणि धुऊ तर मुळीच नका. आतून बाहेर हलकी हवा मारा.

उन्हाचं म्हणाल तर मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 अंशांवर जातो, खरंय. पण इंजिन तापतं त्याला ऊन निमित्त असतं, खरं कारण बोअरचं पाणी. आपल्या बोअरला क्षार किती, ते बंबाचा तळ बघितला की कळतं. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. वर रेडिएटरच्या पुढच्या अंगाला भुसकट अडकलेलं. लोक पुढूनच पाणी मारतात आणि कचरा आणखी आत ठोकतात. पंखा हवा पुढून आत ओढतो, म्हणून इंजिनाकडच्या बाजूनं बाहेर मारायची.

मेसेजमधला यावरचा उपाय तर उरफाटाच आहे, ‘थर्मोस्टॅट काढून टाका’. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, तो इंजिनला त्याच्या कामाच्या तापमानावर लवकर आणतो. तो काढला की इंजिन थंडच फिरतं, डिझेल पुरतं जळत नाही, उरलेलं ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं. म्हणजे तापू नये म्हणून काढला, आणि जास्त तापलं.

साध्या पाण्याचं दुसरं दुखणं उशिरा कळतं. इंजिन चालताना लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आरपार गेली की पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढल्यावर दुधाच्या चहासारखा रंग दिसला की ट्रॅक्टर तिथंच बंद करायचा, घरापर्यंतसुद्धा न्यायचा नाही. रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी भरायचं कूलंट त्या लायनरवर संरक्षक थर धरतं. मेसेजवाल्याला ते ‘कंपनीचा धंदा’ वाटतं.

पार्ट मिळत नाहीत हे निम्म्या गावाला ऐकूनच माहीत. स्वराज 724 बाजारात आला 1974 साली, आणि 724, महिंद्रा 265, मॅसी 1035 या नावांचे ट्रॅक्टर आजही नवे विकले जातात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय 2016 साली झाला, त्यांच्या मालकांना थोडं शोधावं लागतं, तेवढंच. आणि जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला म्हणून नवा घ्या, असं सांगणारे 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि बरेच सुटे भागही 18 वरून 5 टक्क्यांवर आले हे सांगत नाहीत.

हप्त्याचा हिशेब वहीत करू. चार लाख कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, सहामाही हप्ता. हप्ता बसतो सुमारे 51,800 रुपयांचा. दहा हप्त्यांचे पाच लाख अठरा हजार. माझ्या वहीत गेल्या पाच वर्षांत लायनर-पिस्टन, ग्राइंड केलेला क्रँक आणि त्याची बेअरिंगं, क्लच प्लेट, बॅटरी, मागचे दोन टायर आणि सगळं ऑइल मिळून 1 लाख 60 हजारांच्या थोडं आत आहेत. लायनर-पिस्टनचं काम धुरामुळं नव्हे, वर सांगितलेल्या भोकांमुळं निघालं. कूलंट आम्हीही उशिराच भरायला लागलो. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा माझा अवरमीटर बंद आहे, म्हणून ऑइल डिझेलवर मोजतो. आमचा तासाला साधारण तीन लिटर पितो, 700-750 लिटर झालं की ऑइल आणि फिल्टर बदलला.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. हंगामभर दोन ट्रेलर ऊस कारखान्याला ओढायचा असेल तर 25 एचपीचा जुना काय, नवाही घेऊ नका. डाळिंबाच्या 14 बाय 10 फुटांच्या लागवडीत फवारणीचा ब्लोअर फिरवायला, पेरायला, कोळपायला, मळणीला मात्र तोच पुरतो आणि ओळीत बसतोही. ब्लॉकला तडा असेल, गिअरबॉक्सचं घर फुटलेलं असेल, तर मीही विका म्हणेन.

मेसेजमधली एकच ओळ मी खोडणार नाही, जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर भरवसा नको, ही. डाव्या-उजव्या ब्रेकची झीज सारखी नसते. रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीनं जोडलेली नसली आणि मागं भरलेली ट्रॉली असली की एका अंगाला ओढ बसते. कॅनॉलच्या भरावावर ती ओढ कुठं नेते ते सांगायला नको. आमच्याकडं ती पट्टी कधीच हरवली होती, चुलते तिच्या जागी सुतळी बांधत होते. मळणी संपल्यावर मोहोळला नेऊन वेल्डिंगवाल्याकडून नवी पट्टी करून घेतली, अवजार फिरवणाऱ्या मागच्या पीटीओ शाफ्टवरचं फुटलेलं कव्हरही बदललं. चुलत्यांनी तेवढ्यात तो मेसेज आणखी दोन ग्रुपवर टाकला होता.